इतिहासातला वाटा

शिरूरला जुनी माणसे अजून घोडनदीच म्हणतात. पुणे जिल्ह्याचे हे टोक. घोड नदीवरचा पूल ओलांडला की पूर्वीचा नगर आणि आताचा अहिल्यानगर जिल्हा सुरू होतो. इथून महामार्गाने पुण्याच्या दिशेने निघाले की रांजणगावचा महागणपती आणि त्याच्या शेजारची औद्योगिक वसाहत लागते, मग शिक्रापूर, सणसवाडी आणि भीमेच्या पुलाआधी कोरेगाव. तिथून एक फाटा आत वढू बुद्रुकला जातो. परत शिक्रापूरला येऊन तळेगाव ढमढेरे, न्हावरे असा रस्ता धरला आणि भीमा ओलांडली की दौंड तालुका. हंगामात हा सगळा रस्ता उसाच्या ट्रॉल्यांनी भरलेला असतो. या टापूतून जाताना माझ्या मनात युक्रेनचा विषय वारंवार येतो. युक्रेनी आणि रशियन या दोन समाजांचे संबंध साडेतीनशे वर्षांत कसे बिघडत गेले, हे समजून घ्यायला मराठी वाचकाला कीव्हपर्यंत जावे लागत नाही, असे माझे मत आहे. एकमेकांना लागून राहणाऱ्या, एकच देव मानणाऱ्या, एकाच भूतकाळात वाढलेल्या माणसांमध्ये वैर कशाने येते, याचे उत्तर शिरूर तालुक्यातही आहे. माझ्या समजुतीप्रमाणे ते असे : जवळच्या माणसांत फूट पडते ती भूतकाळातल्या अन्यायाने जेवढी, त्याहून अधिक त्या भूतकाळातला वाटा नाकारल्याने. आणि तो नाकारताना बलवान बाजू नेहमी एकच वाक्य बोलते : आपण तर एकच आहोत, मग तुमचे वेगळे नाव कशाला?

आधी तिकडचे पाहू. काळ आपल्या ओळखीचा आहे. पोलंडच्या राजाविरुद्ध युक्रेनमधल्या लढवय्या कोसॅकांचे बंड १६४८ मध्ये सुरू झाले, तेव्हा शिवाजी महाराज मावळात आपले पाय रोवत होते. कोसॅकांचा पुढारी बोहदान ख्मेलनित्स्की १६५७ मध्ये वारला, आणि त्याच वर्षी पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला. पोलंडपुढे एकट्याने निभावणार नाही हे दिसल्यावर ख्मेलनित्स्कीने १६५४ च्या जानेवारीत पेरेयास्लाव येथे मॉस्कोच्या झारची निष्ठा पत्करली. त्या प्रसंगातला एक तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. कोसॅकांनी मागणी केली की आम्ही शपथ घेतो तशी झारच्या वतीने त्याच्या वकिलानेही घ्यावी, आमचे हक्क राखण्याची. वकील बुतुर्लिनने साफ नकार दिला. झार प्रजेपुढे शपथ घेत नसतो, असे त्याने सांगितले. ख्मेलनित्स्की आपल्या सरदारांशी बोलायला बाहेर गेला, परत आला आणि शेवटी एकतर्फी शपथ झाली. कोसॅकांच्या लेखी तो दोन पक्षांमधला करार होता, मॉस्कोच्या लेखी शरणागती. कराराचे मूळ कागद पुढे हरवले, उरल्या त्या नकला. त्या नकलांवर दोन्हीकडचे इतिहासकार आजही भांडतात. १६६७ मध्ये मॉस्को आणि पोलंड यांनी नीपर नदी मध्ये धरून युक्रेन वाटून घेतला आणि कोसॅकांना विचारलेही नाही. रशियाची सम्राज्ञी कॅथरीन हिने १७६४ मध्ये त्यांच्या पुढाऱ्याचे पदच रद्द केले. १८७६ मध्ये झारने युक्रेनी भाषेत पुस्तके छापण्यावर बंदी घातली. १९३२-३३ च्या सोव्हिएत काळातल्या दुष्काळात, जो आभाळाने कमी आणि सक्तीच्या धान्यवसुलीने जास्त आणला, तिथली काही दशलक्ष माणसे उपाशी मेली, आणि पुढची पन्नास वर्षे त्याबद्दल उघडपणे बोलण्याचीही मुभा नव्हती. हे सारे ‘भावा’ने केले. जुलै २०२१ मध्ये पुतीन यांनी लांबलचक लेख लिहून दोन्ही समाज मुळात एकच असल्याचे मांडले आणि २४ फेब्रुवारी २०२२ ला रणगाडे पाठवले. एकपणाचा दावा आणि रणगाडे यांत सातच महिन्यांचे अंतर होते.

आता घोडनदीला परत येऊ. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इथे कंपनी सरकारची छावणी होती. त्या छावणीतला कर्नल विल्यम वॉलेस १८०९ मध्ये इथेच वारला. त्याच्या थडग्याला गावकरी सत्पुरुष मानू लागले. सुगीत तिथे धान्याचा नैवेद्य जाई, अडीअडचणीला नवस बोलला जाई, अशी नोंद एकोणिसाव्या शतकातल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये आहे. परधर्माचा, परदेशाचा, परक्या सैन्याचा एक अधिकारी गावाने आपला करून घेतला आणि त्यावरून कुणाचे बिनसले नाही. मला हे थडगे त्या तालुक्यातला मोठा पुरावा वाटते. आपल्या माणसांना परक्याचा मान करता येत नाही असे मुळीच नाही. अडचण येते ती शेजारच्या आळीतल्या माणसाला मान द्यायची वेळ आली म्हणजे.

याच छावणीतून ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टॉन्टन निघाला. बरोबर मुंबई नेटिव्ह इन्फंट्रीच्या एका पलटणीचे सुमारे ५०० शिपाई, अडीचशे-तीनशे घोडेस्वार आणि दोन तोफा होत्या. पुण्यातल्या इंग्रज फौजेच्या मदतीला जायचे होते. रात्रभर चालून सकाळी दहाच्या सुमाराला ते भीमेजवळच्या उंचवट्यावर आले, तेव्हा पलीकडे दुसऱ्या बाजीरावाची प्रचंड फौज दिसली. स्टॉन्टन कोरेगावात शिरला आणि दिवसभर गल्लीगल्लीत लढाई झाली. नदी डोळ्यांसमोर असून रात्री नऊपर्यंत शिपायांना पाण्याचा थेंब मिळाला नाही. एक तोफ गेली आणि परत घेतली गेली. कंपनीकडचे मृत, जखमी आणि बेपत्ता मिळून २७५ झाले. पेशव्यांचे पाचशे ते सहाशे पडले असे इंग्रज कागद सांगतात. मागून इंग्रजांचा जनरल स्मिथ येत असल्याने बाजीराव दक्षिणेकडे निघून गेला आणि स्टॉन्टन पुण्याला न जाता शिरूरला माघारी आला. निर्णायक म्हणावी अशी ही लढाई नव्हती, पण कंपनीला तिचा गौरव करायचा होता. १८२१ मध्ये पाया घालून तिने नदीपलीकडे, आजच्या पेरणे गावाच्या हद्दीत, स्तंभ उभारला.

त्या स्तंभावर इंग्रजी आणि मराठी दोन्ही लेख आहेत आणि पडलेल्यांची नावे आहेत. ती सावकाश वाचावीत. एकूण ४९ नावांपैकी २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ येते, म्हणजे ते महार शिपाई होते. बाकीच्यांत मराठे आहेत, राजपूत आहेत, मुसलमान आहेत, बेने इस्रायलीही आहेत. अक्षरांचा आकार सर्वांसाठी सारखा. ज्या काळात या बावीस जणांच्या भाऊबंदांना पेशवाईच्या राजधानीत अस्पृश्यतेचे नियम पाळूनच वावरावे लागे, त्या काळात त्यांची नावे इतरांच्या खांद्याला खांदा लावून दगडात कोरली गेली. कंपनीचा हेतू यात उदात्त होता असे मी म्हणणार नाही. तो साम्राज्याचा दिमाख होता. त्याच इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची लष्करभरती बंद केली. पण तेव्हा या स्तंभाला दुसराच अर्थ आला. शिवराम जानबा कांबळे यांच्यासारखे पुढारी आमच्या लोकांनी लष्करात रक्त सांडले आहे याचा दाखला देऊन सरकारकडे अर्ज करू लागले. १ जानेवारी १९२७ ला डॉ. आंबेडकर इथे आले. १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा तिच्या बोधचिन्हावर हाच स्तंभ होता. कंपनीच्या गौरवासाठी उभारलेला दगड हक्काच्या अर्जाचा पुरावा झाला. कीव्हमध्येही असेच घडले. ख्मेलनित्स्कीचा अश्वारूढ पुतळा १८८८ मध्ये झारशाहीच्या भक्तांनी उभारला आणि चौथऱ्यावर, हा पुतळा अखंड, अविभाज्य रशियाने वाहिला आहे, अशा अर्थाचा मजकूर कोरला. सोव्हिएत काळात तो मजकूर गेला, पुतळा राहिला, आणि आजचे युक्रेनी त्याच्याकडे आपला सेनापती म्हणून पाहतात. स्मारक बांधणाऱ्याच्या हेतूला ते कायमचे बांधलेले नसते. ज्याला त्याची गरज असते तो त्यात आपले वाचतो.

यावर नेहमीचा आक्षेप असा की परकीयांच्या विजयाला अभिवादन करणे हा स्वराज्याशी द्रोह आहे. हा आक्षेप घेणाऱ्यांपैकी बरेच जण प्रामाणिक असतात, म्हणून त्याला सरळ उत्तर दिले पाहिजे. त्या दिवशी स्वराज्य एका तीरावर आणि परराज्य दुसऱ्या तीरावर अशी मांडणी नव्हती. पेशव्यांच्या बाजूने गावात शिरून लढलेल्यांत अरब आणि गोसावी पुष्कळ होते. कंपनीच्या रांगेत मराठे होते. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह त्या वेळी पेशव्यांच्या छावणीत होते ते धनी म्हणून कमी आणि ताब्यातली वस्तू म्हणून जास्त. पुढच्याच महिन्यात आष्टीच्या लढाईत बापू गोखले पडले आणि छत्रपती पेशव्यांच्या हातून सुटले. शिवरायांच्या वंशजाला पेशव्यांच्या पराभवात सुटका मिळाली असेल, तर ज्यांना गावकुसाबाहेर ठेवले होते त्यांनी त्यात सुटका पाहिली याचा राग धरण्याचा अधिकार आपल्याला कुठून आला? याबरोबर दुसऱ्या बाजूलाही एक गोष्ट सांगायला हवी. पाचशे महारांनी एकट्याने अठ्ठावीस हजार पेशवाई फौजेला धूळ चारली, ही आज फलकांवर दिसणारी मांडणी स्तंभावरच्या नावांशी जुळत नाही. पलटण संमिश्र होती आणि प्रत्यक्ष हल्ल्यात पेशव्यांची सगळी फौज उतरलीच नव्हती. पण या दुरुस्तीने स्तंभाची किंमत उणी होत नाही. बावीस नावे खरी आहेत, आणि ज्या समाजाला दगडावर नाव मिळण्याची सवय नव्हती त्याला बावीस पुरेशी होती.

वढू बुद्रुकचा प्रश्न याहून नाजूक आहे, आणि युक्रेनशी तो अधिक जुळतो. ११ मार्च १६८९ ला औरंगजेबाने तुळापूरजवळ संभाजीराजांना हालहाल करून मारले. देहाचे तुकडे टाकून दिले गेले आणि बादशहाच्या धाकाने कुणी पुढे येईना, तेव्हा वढूच्या माणसांनी अंत्यसंस्कार केले अशी परंपरा आहे. कोणी केले, याच्या दोन कहाण्या गावात नांदतात. एकीत शिवले-पाटील घराण्याने ते तुकडे शिवून अग्नी दिला. दुसरीत गोविंद गोपाळ महाराने, गायकवाड नावाने ज्याची आज आठवण होते त्याने, तो देह गोळा केला आणि आपल्या जागेत संस्कार केले. संभाजीराजांच्या समाधीपासून थोड्याच अंतरावर गोविंद गोपाळची समाधी आहे. डिसेंबर २०१७ च्या अखेरीस या दुसऱ्या कहाणीचा फलक लावला गेला, तो काढला गेला, समाधीच्या छताची मोडतोड झाली. तीन-चार दिवसांनी १ जानेवारी २०१८ ला, लढाईच्या द्विशताब्दीला लाखोंनी लोक जमले असताना कोरेगाव आणि सणसवाडीच्या रस्त्यांवर दगडफेक आणि जाळपोळ झाली. एका तरुणाचा जीव गेला, गाड्या आणि दुकाने जळाली. ३ जानेवारीला महाराष्ट्र बंद झाला. सरकारने निवृत्त मुख्य न्यायमूर्ती जे. एन. पटेल यांचा आयोग नेमला आणि त्याला वर्षामागून वर्षे मुदतवाढ मिळत राहिली. ठिणगी पडली होती एका फलकावर, आणि त्या फलकावर शिव्या नव्हत्या, शाप नव्हते. आमच्याही माणसाने राजाची सेवा केली, एवढाच त्याचा आशय.

आता मोठा आक्षेप. युक्रेनमध्ये एका देशाने दुसऱ्या देशावर फौज घातली, शहरेच्या शहरे उद्ध्वस्त झाली. त्याची बरोबरी एका दिवसाच्या दंगलीशी करणे म्हणजे दोन्हींचा अपमान, असे कुणी म्हणेल. प्रमाणाची बरोबरी मी करत नाही. ती होऊच शकत नाही. इथे संविधान आहे, न्यायालय आहे, आयोगासमोर उभे राहून सामान्य माणसाला साक्ष देता येते. २०१९ पासून १ जानेवारीला लाखो माणसे येतात आणि शांततेत जातात, त्यात आसपासच्या गावांचाही हात आहे. शिवाय दोन्हींत एक मूलभूत फरक आहे, आणि तो माझ्या मते साम्याहूनही बोलका आहे. युक्रेनींना एकत्र घरातून बाहेर पडून स्वतःचे दार हवे होते. १ डिसेंबर १९९१ च्या सार्वमतात नव्वद टक्क्यांहून अधिक मते स्वातंत्र्याच्या बाजूने पडली. वढूच्या फलकाची मागणी नेमकी उलटी होती. तो फलक लावणाऱ्यांना संभाजीराजांपासून दूर जायचे नव्हते, त्यांना त्या राजाच्या कथेत आत यायचे होते. पण बाहेर पडू पाहणाऱ्याला आणि आत येऊ पाहणाऱ्याला उत्तर मिळाले ते एकच : आपण सगळे एकच, वेगळे नाव लावून फूट पाडू नका. जो बाहेर निघतो त्याला हे वाक्य दाराला कडी घालून सांगितले जाते, आणि जो आत येतो त्यालाही. म्हणून हे वाक्य ऐक्याचे आहे यावर माझा विश्वास बसत नाही. ऐक्य मानणारा माणूस दुसऱ्याच्या नावाने अस्वस्थ होत नाही.

तिसरा आक्षेप अभ्यासकांचा असतो : भावना बाजूला ठेवा, कागद काय म्हणतात ते पाहा आणि विषय संपवा. कागदावर माझी श्रद्धा आहे. वा. सी. बेंद्रे यांनी चाळीसेक वर्षे कागद धुंडाळून १९६० मध्ये संभाजीराजांचे चरित्र दिले आणि बखरी-नाटकांनी बदनाम केलेला राजा महाराष्ट्राला परत मिळवून दिला. पण कागद जिथे बोलतात तिथेच विषय संपवतात. राजांना कसे पकडले आणि मारले याच्या नोंदी मोगली तवारिखांत आहेत. त्यानंतर चिता कोणी रचली, हे लिहून ठेवण्यात बादशहाच्या कारकुनांना रस नव्हता, आणि ज्यांनी ती रचली त्यांना लिहिण्याची सोय नव्हती. अशा वेळी कागदाचा आग्रह वरवर निःपक्षपाती दिसतो, पण तो ज्यांच्या हाती लेखणी होती त्यांच्याकडेच झुकतो. लेखी पुरावा मागायचा तर दोन्ही कहाण्यांकडे मागावा लागेल, आणि तो दोन्हींकडे सारखाच विरळ आहे. पेरेयास्लावच्या हरवलेल्या कागदांचेही हेच झाले. रिकाम्या जागेत मॉस्कोने आपले म्हणणे भरले, १९५४ मध्ये तीनशे वर्षांचा सोहळा केला, त्याच वर्षी क्रिमिया युक्रेनच्या नावे करून दिला आणि साठ वर्षांनी बळाने काढून घेतला. कीव्हमध्ये १९८२ साली मैत्रीची कमान उभारली, तिच्याखाली दोन भावांचे शिल्प ठेवले. एप्रिल २०२२ मध्ये ते शिल्प उतरवण्यात आले.

न्हावऱ्याहून पुढे भीमा ओलांडली की दौंड तालुका लागतो. दौंड हे रेल्वेचे गाव, १८७८ पासून मनमाडला जाणारा फाटा इथून फुटतो. पण या विषयात दौंडचे महत्त्व वेगळे आहे. राज्य राखीव पोलीस बलाचे पाच आणि सात क्रमांकाचे गट इथे आहेत, आणि जवळच नानवीजला त्यांचे प्रशिक्षण केंद्र आहे. महाराष्ट्रात कुठेही गावाची दोन टोके एकमेकांवर धावली की ज्या गाड्या निघतात, त्यांतल्या कित्येक इथून निघतात. बंदोबस्त लागतो आणि तो उपयोगीही पडतो. पण फलकावर कुणाचे नाव असावे याचा निवाडा पोलीस करू शकत नाहीत, आणि तो त्यांच्यावर टाकणे हा त्या जवानांवरही अन्याय आहे. तो निवाडा गावाने आणि पुरातत्त्व विभागाने मिळून करायचा आहे, आणि तो अशक्य आहे असे मला वाटत नाही. दंगलीनंतर वढूतल्या दोन्ही बाजूंची माणसे समेटासाठी एकत्र बसलीच होती. समाधीपाशी एकच फलक असावा. समकालीन कागदांत काय सापडते आणि कशाबद्दल ते मुके आहेत हे त्यावर स्पष्ट लिहिलेले असावे, आणि त्याखाली दोन्ही परंपरा दोन्ही घराण्यांच्या नावांसह सारख्या अक्षरांत असाव्यात. भीमेपलीकडच्या स्तंभाने दोनशे वर्षांपूर्वी एवढे तर केलेच आहे.

दौंडवरून भीमेच्या पलीकडच्या तीरावर श्रीगोंदा तालुक्यातले पेडगाव आहे. तिथल्या बहादूरगडाला लोक आता धर्मवीरगड म्हणतात. १६८९ च्या फेब्रुवारीत संगमेश्वराहून पकडून आणलेल्या संभाजीराजांची धिंड याच गडात काढली गेली. इथे येणाऱ्यांत मराठे असतात, बौद्ध असतात, बारा बलुतेदारांतले सगळे असतात, आणि इथे कुणाचा कुणाशी वाद नाही, कारण छळ करणारा बाहेरचा होता आणि दुःख सर्वांचे आहे. त्याच राजाच्या देहाचे पुढे काय झाले, हा प्रश्न आला की नदीच्या वरच्या अंगाला वढूत माणसे विभागतात. संकट वाटून घेणे त्या मानाने सोपे असते, श्रेय वाटून घेणे अवघड जाते. हिटलरविरुद्ध रशियन आणि युक्रेनी एकाच लाल सैन्यात लढले, मेले. विजयानंतर मात्र त्या लढ्याची मालकी मॉस्कोकडे गेली, ९ मेला ती तोफांच्या मिरवणुकीत दाखवली गेली, आणि शेवटी २०२३ मध्ये युक्रेनने कायदा करून आपल्या मृतांचे स्मरण ८ मेला करायचे ठरवले. लाल सैन्यात मेलेल्या आपल्या लाखो माणसांना आठवायला त्यांना शेजाऱ्यापासून एक दिवस वेगळा काढावा लागला. वढूच्या दोन समाध्यांना दोन वेगळ्या तारखा लागू नयेत, एवढे अजून आपल्या हातात आहे.